३४.६ किलोपास्कल: लिव्हर कडक, पण सिरॉसिस नाही

फायब्रोस्कॅनच्या, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर मधोमध ठळक अक्षरांत एक आकडा असतो आणि शेजारी बारीक टायपात आयक्यूआर, म्हणजे मोजमापे एकमेकांपासून किती विखुरली ते. या रुग्णाच्या रिपोर्टवर आकडा होता ३४.६ किलोपास्कल आणि आयक्यूआर मीडियनच्या (मधल्या मोजमापाच्या) ११ टक्के. खाली शेरा: 'एफ४, सिरॉसिस'. एफ० ते एफ४ या फायब्रोसिसच्या, म्हणजे लिव्हरमध्ये व्रणाचे धागे साठण्याच्या, पायऱ्या; एफ४ शेवटची. त्यामागोमाग एन्डोस्कोपी झाली, सिरॉसिसमध्ये लिव्हरकडच्या शिरेतला दाब उतरवणाऱ्या कार्व्हेडिलॉलच्या गोळ्या सुरू करायचे ठरले, दर सहा महिन्यांनी लिव्हर कॅन्सरसाठी सोनोग्राफी करायची असे कार्डावर लिहिले गेले. त्या गोळ्या सुरू होण्याआधी लिव्हरची सविस्तर सोनोग्राफी आणि टू-डी शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी (सोनोग्राफीचे चित्र बघत कडकपणा मोजण्याची पद्धत) करून घ्यावी, म्हणून हे रुग्ण आमच्या विभागात आले. हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेले, प्रातिनिधिक आहे. त्यातले आकडे अशा रुग्णांत दिसतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण ४८ वर्षांचे गृहस्थ. पाच-सहा महिन्यांपासून थकवा, उजव्या बरगडीखाली जडपणा, संध्याकाळी घोट्यांवर सूज. जिना चढताना दम लागायचा, पण आडवे झाल्यावर श्वास कोंडत नव्हता. सौम्य मधुमेह, वजन थोडे जास्त, दारू नाही. बारा वर्षांपूर्वी छातीत पाणी झाले होते आणि क्षयरोगाची औषधे पूर्ण घेतली होती. ही माहिती जुन्या फाइलमध्ये होती, नव्या कागदांत ती उतरलीच नव्हती.

रक्ताच्या तपासण्या अशा: एसजीओटी ४४, एसजीपीटी ३८, बिलिरुबिन १.९, अल्कलाइन फॉस्फेटेज १६८, गामा जीटी १४२, अल्ब्युमिन ३.७, प्लेटलेट्स २ लाख १० हजार. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. आधीच्या सोनोग्राफीत 'लिव्हर मोठे, फॅटी'. मधुमेह, वजन आणि फॅटी लिव्हर असे तिन्ही जुळून आल्यावर पुढचा विचार ठरलेल्या वाटेने गेला, आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून काढायचा फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा त्यांच्याबाबतीत साधारण १.६ येतो. १.३ च्या खाली असता तर पुढे गेलेला फायब्रोसिस बहुधा नाही असे म्हणून थांबता आले असते. २.६७ च्या वर असता तर शंका दाट झाली असती. मधल्या पट्ट्यात अडकलेल्यांसाठीच इलॅस्टोग्राफी आहे. म्हणजे तपासणी योग्य रुग्णाची, योग्य वेळी झाली.

हे यंत्र मोजते काय, ते इथे नीट सांगायला हवे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातच आहे. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत प्रोब टेकवला की तो त्वचेवर ५० हर्ट्‌झचा एक छोटा ठोका देतो. त्या ठोक्याने लिव्हरमध्ये शिअर वेव्ह निघते आणि ती किती वेगाने पुढे सरकते ते त्याच प्रोबमधले अल्ट्रासाउंड टिपते. ऊती जितकी कडक तितकी लाट वेगवान. घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले तीन, या सूत्राने वेगाचे किलोपास्कल होतात. साधारण निरोगी लिव्हरमध्ये लाट सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जाते आणि आकडा ५ किलोपास्कलच्या जवळ येतो. या गृहस्थांच्या लिव्हरमध्ये ती सेकंदाला ३.४ मीटर धावली. यंत्राचा पल्ला १.५ ते ७५ किलोपास्कल. एका मोजमापात सुमारे एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब एवढा भाग धरला जातो. बायोप्सीची सुई लिव्हरचा जवळजवळ पन्नास हजारावा भाग काढते, त्या मानाने हा नमुना शंभरपटीहून मोठा. सुई नाही, रक्तस्राव नाही, काही मिनिटांत उत्तर. २००३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाल्यापासून कितीतरी लोकांची बायोप्सी टळली आहे आणि मी या तंत्राचा मनापासून पुरस्कर्ता आहे.

पण मोजला जातो तो कडकपणा. फायब्रोसिस आपण त्यावरून ताडतो. लिव्हर कडक व्हायला व्रणाचे धागे हे एक कारण झाले. हिपॅटायटिसचा ताजा भडका असेल, पित्तनलिका तुंबली असेल, अमायलॉइड साठला असेल किंवा लिव्हरमधून हृदयाकडे जाणारे रक्त अडून राहत असेल, तरीही आकडा वर जातो. नुकतेच पोटभर जेवण झालेले असेल तरीसुद्धा चढतो, म्हणून किमान तीन तास उपाशीपोटी यायला सांगतात. आयक्यूआर ३० टक्क्यांच्या आत असला की मोजमाप भरवशाचे, असे आपण शिकवतो. ते खरेच आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की दहाही वेळा जवळपास तेच उत्तर आले. ते उत्तर कशामुळे आले, याबद्दल आयक्यूआर काहीच सांगत नाही. इथे ११ टक्के होता, म्हणजे तंत्र उत्तम होते. सगळ्यांचा विश्वास बसला तो त्या ११ टक्क्यांमुळेच.

प्रोब हातात घेण्याआधी मी कागद चाळले आणि चार गोष्टी खटकल्या.

पहिली, प्लेटलेट्स. २५ किलोपास्कल किंवा त्याहून वर म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब लक्षणीय वाढलेला, असा २०२१ च्या बावेनो या तज्ज्ञांच्या परिषदेचा संकेत आहे. ३४.६ तर त्याच्याही बराच पुढे. एवढा दाब असेल तर प्लीहा वाढावी, प्लेटलेट्स उतराव्यात. इथे प्लेटलेट्स दोन लाखांवर, आणि एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. एकट्या-दुकट्या रुग्णात असे होऊ शकते, म्हणून यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी, एन्झाइम्सचा तोंडवळा. एसजीओटी आणि एसजीपीटी जवळपास नॉर्मल, वाढलेले होते ते बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गामा जीटी. फॅटी लिव्हरने हळूहळू सिरॉसिसपर्यंत गेलेल्या माणसातही एसजीपीटी नॉर्मल असू शकते, पण हा नमुना एक तर पित्तमार्गाकडे नाही तर रक्त तुंबण्याकडे बोट दाखवतो.

तिसरी, कॅप. लिव्हरमधली चरबी ताडण्यासाठी तेच यंत्र अल्ट्रासाउंड किती क्षीण होते ते मोजते आणि मीटरला किती डेसिबल असा आकडा देते. त्यांचा होता २३१. चरबी आहे असे म्हणायला साधारण २४८ चा उंबरठा धरतात. सिरॉसिस झाल्यावर चरबी ओसरते हे खरे, पण सगळा दोष ज्या फॅटी लिव्हरवर टाकला होता तिचा पुरावाच इथे तोकडा पडत होता.

आणि चौथी, घोट्यांची सूज. लिव्हरच्या आजारात रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरले की सूज येते; ते ३.७, म्हणजे जवळपास नॉर्मल, असताना ती कशी यावी?

मग मशीन लावले. लिव्हर मोठे होते, पण कडा गुळगुळीत. सिरॉसिसमध्ये पृष्ठभाग खडबडीत दिसतो, विशेषतः जास्त कंपनसंख्येच्या प्रोबने जवळून पाहिल्यावर. इथे आवरणाची पांढरी रेघ सलग होती. प्लीहा ११ सेंटिमीटर, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत, पोटात पाणी नाही, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पाण्याचा पातळ थर. हिपॅटिक व्हेन्स, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा, मात्र ठसठशीत, मधली १३ मिलिमीटर. इन्फिरिअर व्हेना केव्हा (आयव्हीसी, खालच्या शरीरातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) २६ मिलिमीटर, आणि श्वास आत घ्यायला सांगितल्यावर ती जराही मिटेना. नॉर्मल माणसात जोराने श्वास घेतला की ही शीर निम्म्याहून अधिक चपटी होते. इथे ती जणू पाइपसारखी उघडीच होती. पोर्टल व्हेनमधला प्रवाह संथ, सलग असायला हवा, तो हृदयाच्या ठोक्यागणिक हेलकावे खात होता.

टू-डी शिअर वेव्हमध्ये श्वास मधल्या अवस्थेत रोखायला सांगून, लिव्हरच्या आवरणापासून दोन सेंटिमीटर आत, मोठ्या शिरा टाळून पाच मोजमापे घेतली. मीडियन २६.४ किलोपास्कल. हा आकडा ३४.६ पेक्षा कमी आहे म्हणून लिव्हर सुधारले असे कोणी समजू नये. या तंत्राची लाट वेगळ्या रीतीने तयार होते, यंत्रागणिक उंबरठे बदलतात, आणि दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. इथे २६.४ चा अर्थ एवढाच: दुसऱ्या यंत्रानेही लिव्हर खूप कडक सांगितले. फायब्रोस्कॅन चुकले नव्हते.

टू-डी पद्धतीचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा इथे दिसला, तो म्हणजे मोजताना चित्र समोर असते. फायब्रोस्कॅनच्या नेहमीच्या तपासणीत लाटेची तिरपी रेघ दिसते, शिरा दिसत नाहीत. ज्याने तिथे मोजले त्याच्यापुढे फुगलेली व्हेना केव्हा कधी आलीच नव्हती.

जेल पुसून मी त्यांना टेबलाची पाठ ४५ अंशांवर उचलून टेकून बसायला सांगितले. मानेतली शीर शोधली, वरचे टोक दिसेना. सरळ ताठ बसवले, तेव्हा जबड्याच्या कोनाच्या जरा खाली ती थरथरताना दिसली. बसल्या स्थितीत दाब इतका वर. "आता सावकाश, खोल श्वास घ्या," म्हटले. श्वास आत जाताना शीर खाली उतरायला हवी होती, ती वर चढली. हे चिन्ह कुसमाऊल यांनी १८७३ मध्ये नोंदवले होते. ते पाहायला यंत्र लागत नाही, फक्त कॉलर सैल करून थोडे थांबावे लागते. नाडी ९६, रक्तदाब १०८/७६.

"म्हणजे माझे लिव्हर खराब नाही का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "लिव्हर कडक आहे हे खरे. पण ते स्वतःहून कडक झालेले दिसत नाही. आधी हृदय बघू, आणि ती नवी गोळी तोवर सुरू करू नका, मी तुमच्या डॉक्टरांशी आजच बोलतो."

त्या संध्याकाळी मी पाठवलेल्या रिपोर्टचा शेवट असा होता: 'लिव्हरचा कडकपणा लक्षणीय वाढलेला. हिपॅटिक व्हेन्स आणि आयव्हीसी फुगलेल्या, श्वासागणिक बदल नाही, पोर्टल प्रवाह स्पंदनशील. या परिस्थितीत कडकपणावरून फायब्रोसिसची पायरी ठरवता येत नाही. उजव्या बाजूचा हृदयदाब वाढण्याचे कारण शोधावे, कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचा विशेष विचार व्हावा. दाब उतरल्यावर मोजमाप पुन्हा घ्यावे.' यात कुठेही 'एफ' नाही. काही सॉफ्टवेअर किलोपास्कलच्या पुढे आपोआप एफ० ते एफ४ छापतात, ती सोय मला घातक वाटते. एकच आकडा हिपॅटायटिस सीमध्ये एक पायरी सांगतो, फॅटी लिव्हरमध्ये दुसरी, आणि तुंबलेल्या लिव्हरमध्ये कोणतीच नाही.

तुंबलेले लिव्हर कडक का लागते? हिपॅटिक व्हेन्स थेट व्हेना केव्हात उघडतात आणि उजव्या कर्णिकेपर्यंत मध्ये अडवायला झडप नसते. कर्णिकेतला दाब वाढला की तो जसाच्या तसा मागे सायनसॉइडपर्यंत, म्हणजे लिव्हरमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत, पोहोचतो. लिव्हरभोवतीचे ग्लिसनचे आवरण फारसे ताणत नाही, म्हणून आत रक्त जास्त झाले की सगळा अवयव ताठ होतो. हवा ठासून भरलेला चेंडू दाबला तर कडक लागतो, म्हणून त्याचे रबर जाड झालेले नसते. हायडेलबर्गच्या गटाने २०१० मध्ये डुकरांच्या लिव्हरवर हे दाखवून दिले: शिरेतला दाब वाढवत नेला तसा कडकपणा त्याच प्रमाणात वाढला, आणि ३६ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला यंत्राची ७५ ची कमाल गाठली गेली. त्याच अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या दहा रुग्णांचा मीडियन कडकपणा ४०.७ होता. लघवीची औषधे देऊन सुमारे तीन किलो पाणी उतरवल्यावर तो १७.८ वर आला. इतक्या थोड्या अवधीत व्रणाचे धागे विरघळत नाहीत.

हृदयाकडे आधी कोणी पाहिलेच नव्हते असेही नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या इकोत 'पंपिंग ६० टक्के, नॉर्मल' असे लिहिले होते, आणि त्या ओळीने दार बंद झाले. कन्स्ट्रिक्शनमध्ये, म्हणजे मी शंका घेतलेल्या कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसमध्ये, पंपिंग नॉर्मलच असते. आकसलेले, टणक झालेले हृदयावरण हृदयाला भरू देत नाही, आकुंचनाला फारसा अडथळा नसतो. हा प्रश्न मनात ठेवून केलेल्या दुसऱ्या इकोत सगळे दिसले: दोन जवनिकांमधला पडदा श्वासागणिक हिसका खात होता, मायट्रल झडपेतून येणारा ओघ श्वास घेताना बराच कमी होत होता, आणि पडद्याकडच्या कडेची हालचाल बाहेरच्या कडेपेक्षा जोमदार होती, म्हणजे नेहमीच्या उलट. सीटी स्कॅनमध्ये हृदयावरण जाड आणि उजव्या बाजूला कॅल्शियमची तबकडी. क्षयरोग जिथे बराच आढळतो तिथे या आजाराचे ते मोठे कारण आहे. बारा वर्षांपूर्वीच्या छातीतल्या पाण्याचा धागा इथे जुळला, जरी इतक्या काळानंतर तो शंभर टक्के सिद्ध करता येत नाही.

सगळ्यांत बोलका पुरावा कॅथेटरने दिला. मानेतून हिपॅटिक व्हेनमध्ये जाऊन मोकळा दाब मोजला तो १८, आणि शीर बुजवून मोजलेला २१. फरक फक्त ३ मिलिमीटर पारा. पोर्टल शिरेतला दाब लक्षणीय म्हणायला हा फरक १० किंवा जास्त लागतो. ३४.६ किलोपास्कल पाहून जो निष्कर्ष काढला गेला होता तो या एका वजाबाकीने खोडला. दाब वाढलेला होता, पण त्याचे मूळ लिव्हरच्या पुढे, हृदयाशी होते. उजव्या आणि डाव्या जवनिकेचे विश्रांतीतले दाब जवळपास सारखे निघाले आणि निदान पक्के झाले. त्याच वेळी शिरेतून घेतलेल्या बायोप्सीत सायनसॉइड फुगलेले, मध्यशिरेभोवतीच्या पेशी बारीक झालेल्या, तिथेच व्रणाचे थोडे विरळ धागे. गाठी नाहीत, सिरॉसिस नाही.

ते विरळ धागे मी मुद्दाम नोंदवतो. तुंबलेपणा वर्षानुवर्षे राहिला तर खरा फायब्रोसिस होतो, पुढे सिरॉसिसही होऊ शकतो. म्हणून 'सगळा आकडा दाबाचाच' असे म्हणून मोकळे होणे हीसुद्धा चूक ठरली असती. लिव्हरच्या वाट्याला आलेले नुकसान किती, हे दाब उतरल्यावरच मोजता येते.

कार्व्हेडिलॉलबद्दल. सिरॉसिसमध्ये पोर्टल दाब उतरवायला हे चांगले औषध आहे. पण कन्स्ट्रिक्शनमध्ये प्रत्येक ठोक्याला हृदयात मावणारे रक्त ठरावीकच असते, शरीराला पुरवठा टिकवायला नाडी वाढवणे एवढाच उपाय उरतो. त्यांची ९६ ची नाडी हा तोच उपाय होता. ती औषधाने खाली ओढली असती तर रक्तदाब आणि मूत्रपिंडे दोन्ही धोक्यात आली असती. चुकीच्या वाचनाने नुसते कागदावरचे निदान चुकत नाही, त्याच्या मागून गोळी येते. १८९६ मध्ये फ्रीडेल पिक यांनी हृदयावरणाच्या आजारात सिरॉसिसचा आभास होतो असे लिहून ठेवले. त्या काळी फसवणारे होते पोटातले पाणी आणि हाताला लागणारे मोठे लिव्हर.

शस्त्रक्रियेआधी लघवीची औषधे देऊन तीन आठवड्यांत पाच किलो वजन उतरवले. त्याच फायब्रोस्कॅनवर, त्याच प्रोबने, उपाशीपोटी मोजल्यावर आकडा २३.८. हृदयावरणाचा दाह अजून ताजा असेल तर काही रुग्णांत औषधांनीच आकसलेपणा उतरतो, म्हणून सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि एमआरआय पाहिले. दाह नव्हता, कॅल्शियम होते, त्यामुळे हृदयावरण काढण्याला पर्याय नव्हता. ही मोठी आणि जोखमीची शस्त्रक्रिया. सिरॉसिस नाही हे आधी कळणे शल्यविशारदांसाठीही मोलाचे होते, कारण त्या शिक्क्यानिशी हे गृहस्थ कदाचित टेबलावर घेतले गेलेच नसते.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी आकडा १३.९. सहा महिन्यांनी ९.१. वर्षाने ७.६, आयक्यूआर १४ टक्के, बिलिरुबिन ०.८, आयव्हीसी १८ मिलिमीटर आणि श्वासाबरोबर व्यवस्थित मिटणारी. घोट्यांची सूज गेली, पाण्याच्या गोळ्या बंद झाल्या. उरलेल्या ७.६ मध्ये थोडे जुने व्रण असतील, थोडी चरबी असेल. फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली पुढे गेलेला फायब्रोसिस बहुधा नसतो, तेवढा आधार पुरेसा आहे.

'सिरॉसिस' हा शब्द मात्र फाइलमधून लवकर जाईना. मधुमेहाच्या कार्डावर होता, डिस्चार्जच्या कागदावर होता, प्रत्येक नवा डॉक्टर तिथूनच सुरुवात करायचा. लिव्हरच्या डॉक्टरांनी कॅथेटरचे दाब आणि बायोप्सीचा निष्कर्ष जोडून निदान लेखी बदलून दिले आणि कॅन्सरसाठीची सहामाही सोनोग्राफी रद्द केली. मधुमेह आहेच, म्हणून फिब-४ वर्षातून एकदा, आणि पुढची इलॅस्टोग्राफी दोन वर्षांनी: तेच यंत्र, तोच प्रोब, तीन तास उपाशी, आणि आकडा घेण्याआधी आयव्हीसीचे एक चित्र.